झाकणाखालचा फोन

संध्याकाकूंनी फोन उलटा करून डायनिंग टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर स्टीलचं झाकण घातलं. वरणाच्या पातेल्याचं, चांगलं जड. मग त्या ताटं घ्यायला वळल्या.

इला दारातच बूट काढता काढता थांबली. "ये गं जरा," एवढंच काकू फोनवर म्हणाल्या होत्या, आणि ती ऑफिसमधून तशीच निघून आली होती.

"काकू, काय झालं?"

"रिपोर्ट आलाय. गाठीचा."

"मग?"

"मग काय? उघडला नाही. दुकानात कोथिंबीर बघत होते, तेवढ्यात टिंग झालं. जुडी तिथेच टाकली आणि घरी आले."

ते टिंग इलानेच निवडलं होतं, टीमशी वाद घालून. काकूंचा रिपोर्ट जिथून आला, त्या अमेरिकेतल्या बॉथेलच्या हॉस्पिटलची टेक्नॉलॉजी ती सांभाळायची. आधी शिकागोत कन्सल्टिंग, मग सनीव्हेलला डिजिटल कर्जं आणि आता हे. पण खरं म्हणजे तिन्हीकडे तिने एकच काम केलं होतं. लोकांना थांबायला लागू नये. सनीव्हेलच्या तिच्या अ‍ॅपवर चहाला उकळी यायच्या आत कर्ज मंजूर व्हायचं, आणि हे ती पार्ट्यांमध्ये अजूनही सांगायची.

"पूर्वी यालाच आठवडा लागायचा, काकू. आता डॉक्टरांच्या बरोबरीने तुम्हाला कळतं." बोलता बोलता तिला स्वतःचाच राग आला. हे काय आपण स्लाइड दाखवतोय?

"छानच आहे गं, मी कुठे नावं ठेवतेय?" काकूंनी भात वाढला. "मी लॅबमध्ये होते तेव्हा असे रिपोर्ट मीच पुढे पाठवायचे. वाचणारा कुठे उभा असेल, हे बाई कधी डोक्यातच आलं नाही."

"आर्यला सांगितलंत?"

"तिकडे लांब अ‍ॅशबर्नला बसून पोरगा काय करणार? 'मॉम, जस्ट ओपन इट' म्हणेल. आणि मग तिकडे एकटाच रडत बसेल." त्या जरा थांबल्या. "तूच आतून बघून सांग ना. तुझ्याकडे तर सगळ्यांच्या किल्ल्या."

"काकू! नोकरी जाईल माझी."

"मग राहू दे. जेव आधी."

इला जेवायला बसली खरी, पण तिचा घास तोंडातच फिरत होता. ती इथे नवीन आली होती त्या हिवाळ्यात तापाने फणफणली, तेव्हा समोरच्या घरातून मुगाची खिचडी घेऊन याच काकू आल्या होत्या, नाव-गाव न विचारता. काकूंनी मात्र लोणच्याची फोड चोखून चोखून खाल्ली, ताकभात संपवला, हात धुतले, नॅपकिनला पुसले. मग झाकण उचलून फोन इलाच्या हातात दिला.

"हं. वाच. मला तुझं ते इंग्रजी नको, सरळ सांग."

इलाने वाचलं. पुन्हा एकदा वाचलं.

"काकू, कॅन्सर आहे. पण अगदी सुरुवातीचा. जागच्या जागी आहे, पसरलेला नाही."

काकू झाकणाकडे बघत राहिल्या.

"बरं झालं बाई जेवून घेतलं," त्या म्हणाल्या. "आता घास उतरला नसता." आणि मग त्या रडल्या. इला उठून त्यांच्या शेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी तिने तिच्या टीममधल्या देवला बोलावलं.

"रिपोर्टच्या आधी एक स्क्रीन वाढवायची आहे."

"वाढवायची? इला, यार, तू तर स्क्रीन उडवणारी बाई!"

"हो. आता वाढव म्हणतेय. एकच प्रश्न विचारायचा: आत्ता बघायचं, की कुणी सोबत असताना? आणि त्या कुणाचं तरी नाव लिहायला जागा."

ऑपरेशन नीट झालं. आर्य येऊन राहून गेला, जाताना फ्रीजमध्ये सूपचे डबे भरून गेला. काकू पुन्हा दुकानात जायला लागल्या. ऑपरेशननंतरचा रिपोर्ट तेवढा यायचा होता.

त्याच आठवड्यात इला हॉस्पिटलच्या बोर्डासमोर उभी होती. पडद्यावर आलेख होता, शेजारी देव बसला होता. टेबलाच्या टोकाला बसलेल्या गृहस्थांनी चष्मा वर केला.

"रिपोर्ट उघडायला लोक आता जास्त वेळ घेतात, असं दिसतंय. म्हणजे आपण मागे गेलो का?"

"वेळ वाढलाय, हो," इला म्हणाली. "तो मी वाढवलाय."

पुढे ती समजावून सांगणार, इतक्यात तिच्या फोनवर एक हलका आवाज झाला. हा नवा होता, टिंगपेक्षा मऊ. संध्या यांचा रिपोर्ट आला आहे. त्यांना तो तुमच्यासोबत पाहायचा आहे.

त्याच्या खालोखाल काकूंचा मेसेज.

'झाकण घातलंय. आमटी उकळतेय. सावकाश ये.'

इलाने लॅपटॉप मिटला. पडद्यावरचा आलेख नाहीसा झाला.

"बाकीचं देव सांगेल," ती म्हणाली. "मला जेवायला जायचंय."