लाल कपाट

माझी जीभ तिखट आहे, हे आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीसुद्धा सांगतील. तरीही त्या माणसासमोर ती लुळी पडली, याचा मला अजून संताप येतो.

आमचं काम सरकारसाठी अन्न तपासायचं. बाजारातून उचललेल्या डब्यांपैकी एक फोडून तपासायचा, बाकीचे सीलबंद ठेवायचे. पास झाले तर हिरवं लेबल. नापास झाले तर लाल लेबल, त्यावर जे घातक सापडलं त्याचा माझ्या हातचा आकडा आणि खोलीच्या टोकाचं लाल कपाट. हिरव्यातले उरलेले डबे आम्ही अकराजण वाटून घ्यायचो. हे कुठल्या नियमात नव्हतं, पण वर्षानुवर्षं चालत होतं. लोक नशिबावर हवाला ठेवून खातात, आम्ही तपासून खातो, हा आमचा तोरा. माझी आठ महिन्यांची नात त्याच डब्यांतल्या लापशीवर गुटगुटीत झाली होती.

उत्पादकांच्या संघटनेच्या सल्लागाराला आम्ही खडीसाखर म्हणायचो. पहिल्या दिवसापासून तो मला ताई म्हणत आला.

"ताई, बाळांच्या लापशीत शिसं दहापर्यंत चालतं. ते पंचवीस करायचंय. दोन वर्षांपुरतंच."

"बाळाच्या मेंदूला सांगा मग, दोन वर्षं थांब म्हणावं," मी फटकारलं.

तो मनापासून हसला. त्याला राग यायचाच नाही, आणि मला त्याचीच धास्ती वाटायची. "मर्यादा ठरवणाऱ्या समितीतले सहाजण तयार आहेत. मसुदा आमच्याच ऑफिसात टाइप करून घेतला, तुमची दगदग वाचली. तज्ज्ञ म्हणून तुमची सही तेवढी राहिलीय. नाहीतर सगळी तपासणी खाजगी लॅबकडे द्यायची असं वर चाललंय. मग तुमची ही दहा माणसं कुठे जाणार?"

दाराशी आमचा भांडारपाल चहाचे कप घेऊन थबकला होता. त्याने ऐकलं असावं.

"बरं, नात कुठली लापशी खाते?" सल्लागाराने उठता उठता विचारलं. नात असल्याचं मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.

"आम्ही पास केलेलीच."

"उत्तम. आमच्याकडे मात्र बायको घरीच दळते." चहाला हात न लावता तो गेला.

तिसऱ्या दिवशी मी सही केली. सहाजणांपुढे माझ्या एकटीच्या नकाराला कोण विचारतो, अशी मनाची समजूत घातली. खरं सांगायचं तर मी भ्याले.

एक तारखेला नियम लागू झाला आणि त्याच दिवशी मी दौऱ्यावर गेले. दहा दिवसांनी परतले तर भांडारपाल खुशीत होता. माणूस कामाला चोख, कागदावर असेल ते अक्षरशः पाळणारा.

"मॅडम, लाल कपाट साफ करून टाकलं."

"म्हणजे?"

"नवा आकडा पंचवीस ना? मग एकोणीसवाले, तेवीसवाले, सगळे पास. हिरवी लेबलं डकवली आणि नेहमीसारखं वाटप केलं. माझ्या नातवालाही नेले. तुमचा वाटा दोन तारखेलाच घरी पोचवला, नातीसाठी दोन डबे जास्तच घातले."

  कुंपणच शेत खात होतं आणि ते कुंपण मीच होते. मी रिक्षा करून तडक घर गाठलं.

स्वयंपाकघरात लेक नातीला मांडीवर घेऊन भरवत होती. ओट्यावर डबा होता. हिरवं लेबल मी नखाने खरवडलं. खालून लाल कागद निघाला, आणि त्यावर माझ्याच अक्षरात तेवीस.

मी लेकीच्या हातातला चमचा हिसकावला. नात दचकून रडायला लागली.

"अगं आई, वेडबिड लागलं का? तुझ्याच लॅबचा आहे तो!"

"कितवा डबा?"

"तिसरा. या वेळी भरपूर आले, म्हणून दिवसातून तीनदा देतेय. का, काय झालं?"

मी पदराने नातीचं तोंड पुसलं, मग जीभही पुसली. तक्रार तरी कुणाकडे करायची? डबा पास होता.

"आई, काय आहे त्यात?"

"शिसं," मी म्हटलं. "आणि ते चालेल म्हणून सही मी केलीय."

लेकीने नातीला माझ्यापासून लांब ओढलं. नात अजून चमच्याकडे बघून आ करत होती.