मुळांभोवती राहिलेली पिशवी

मित्रांनो, मी काळ्या प्लास्टिकची एक जुनी पिशवी आहे. जुनी आहे म्हणजे अजून आहे; कुजून मातीत मिसळण्याची सोय माझ्या घडणीतच ठेवलेली नाही.

कारखान्यातल्या यंत्राने मला कापले, अंगाला छिद्रे पाडली आणि असंख्य बहिणींसोबत रोपवाटिकेत धाडले. तिथल्या माळीणबाईंनी माझ्यात माती आणि शेणखत भरून करंजाची एक चपटी बी खोचली. बीला कोंब फुटला. मी पाणी धरले, माती धरली, कोवळी मुळे उन्हापासून झाकली. "पिशवी दणकट आहे हो," असे माळीणबाई एकदा म्हणाल्या. माझ्या वाट्याला आलेली ही एकमेव स्तुती, आणि पुढचा सारा अनर्थ तिच्यातच दडलेला होता.

मग देशी झाडे लावण्याचे दिवस आले. ते दरवर्षी येतात. भाषणे होतात, रोपे फुकट वाटली जातात. मी आणि माझे रोप एका घराच्या अंगणात पोहोचलो. तिथे निवृत्त शिक्षिका असलेल्या काकू, त्यांचा पुतण्या आणि त्याची बायको, म्हणजे सूनबाई, राहत. पुतण्याला गाडीसाठी अंगणभर फरशी हवी होती, काकूंना झाड. पुष्कळ धुसफुशीनंतर तह झाला: उन्हाळा संपेपर्यंत रोपाने जीव धरला तर अंगण झाडाचे, नाहीतर फरशीचे.

पुतण्याने खड्डा खणला.

"पिशवी काढायची ना रे?" काकूंनी विचारले.

"माती सुटली तर रोप हादरेल, काकू. मुळं काय, फोडून निघतील बाहेर."

"बरं बाबा, हळू ठेव. लहान आहे ते."

इतक्या मायेने आम्हाला पुरण्यात आले. फोटो निघाला. त्यात सगळे हसत होते. मी मातीखाली होते.

काकूंची सेवा खोटी नव्हती, हे मी शपथेवर सांगते. भाज्या धुतलेले पाणी, चहाचा चोथा, पालापाचोळ्याचे खत, सारे काही त्या स्वतः वाकून घालत. रोपाला मात्र नवे पान फुटेना. मुळे माझ्या भिंतीपर्यंत आली, थबकली आणि वळली. आधी त्यांनी एकमेकींच्या गळ्यात गळे घातले, मग एकमेकींचे गळे आवळले. मला ते सारे कळत होते. फाटावे असे फार वाटले. पण मी दणकट होते.

शेजारचे वकीलसाहेब कुंपणावरून डोकावत. "देशी झाडं म्हणजे हट्टी नातेवाईक, काकू. खातात, पण अंगाला लागत नाही. आमचं बाहेरून आणलेलं बघा, गच्चीला टेकलं."

"त्याच्यावर एक पाखरू बसलेलं दाखवा, वकीलसाहेब, मग बोला."

"पाणी जास्त होतंय का कमी, ते तरी एकदा ठरवा," सूनबाई आतून म्हणत.

पाण्याला दोष देऊन झाला, मातीला देऊन झाला, शेवटी झाडाच्या वंशाला दिला गेला. ग्रंथ लिहावा इतकी कारणे निघाली. चार बोटे माती उकरून पाहावी, एवढे मात्र या सुशिक्षित मंडळींपैकी कोणालाही सुचले नाही.

ऐन उन्हाळ्यात शेवटचे पान गळाले. पुतण्याने शेंडा धरून ओढले आणि रोप सहज हातात आले. मीही आले, जशीच्या तशी.

काकू पायरीवर बसल्या. कात्री मागवून त्यांनी मला उभे कापले, सोलून बाजूला केले. तरीही मुळे माझाच आकार धरून राहिली.

"रोज पाणी घातलं रे मी," काकू म्हणाल्या. "पिशवीला घातलं."

"चुकलंच माझं," पुतण्या खाली बघत म्हणाला. "दुसरं रोप आणू?"

"फरशी सांगितली आहेस ना? मग लावू कुठे?"

 फरशीवाले ठरल्या दिवशी आले. त्यांनी काम चोख केले.

मित्रांनो, कोणी तुमच्या हाती रोप दिले तर खड्ड्याशी क्षणभर थांबा आणि मला चिरा. थोडी माती सुटेल, रोप थोडे हादरेल, हादरू द्या. तेवढे त्याला सोसते. मला मात्र धरून ठेवण्यापलीकडे काही येत नाही. सोडवावे तुम्हालाच लागेल.