राजेश्वरी बाबर यांचं काम

लग्न ठरलं की आपल्या घरांत एक गोष्ट फारशी चर्चा न होता ठरून जाते. ती म्हणजे येणाऱ्या सुनेचं नाव. मुलीला आईबापांनी ठेवलेलं नाव असतं. त्या नावानं ती शाळेत गेलेली असते, शिकलेली असते, नोकरीला लागलेली असते. तरीही लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरतात, नवरदेव अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो, पेढे वाटले जातात आणि सगळे जेवायला बसतात. यात कुणाचं काही बिघडतं असं आपल्याला वाटत नाही.

कराडजवळच्या निकमांच्या घरातही कुणाला तसं वाटत नव्हतं.

नाथाजी निकम सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मागच्या श्रावणात त्यांची पत्नी विजयमाला गेली. ती सांगलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि तिचा खरा अभ्यास समुद्राचा होता. कोकणातल्या खाडीच्या चिखलात राहणाऱ्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, कशा वाढतात, कुठं तग धरतात, कुठून नाहीशा होतात, यावर तिनं आयुष्य घालवलं. उसाच्या गावात हे कुणाला समजावून सांगता येत नसे. लोक तिला ‘समुद्राच्या मॅडम’ म्हणत.

घरात माणूस गेलं की वर्षाच्या आत लग्न करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही आपली पद्धत. म्हणून मुलाचं, विश्वजीतचं लग्न घाईनं ठरलं. मुलगी शिराळ्याची. नाव प्रियदर्शनी. जनावरांची डॉक्टर होती आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर तिला सगळे ओळखत.

सुनेचं नाव काय ठेवायचं, हे नाथाजींच्या थोरल्या बहिणीनं, रंगूबाईंनी ठरवून टाकलं होतं.

“विजयमाला ठेवायचं,” त्या म्हणाल्या. “वैनीचं नाव पुन्यांदा घरात येईल. नाथा, तुलाबी बरं वाटंल.”

नाथाजींना खरंच बरं वाटलं. वर्षभर त्या घरात ती हाक कुणी मारली नव्हती. सकाळी चहा ठेवताना ते कधी कधी नाव ओठांवर आणायचे आणि गप्प व्हायचे. आता सून आली की कुणीतरी स्वयंपाकघरातून ‘विजयमाला’ म्हणून हाक मारील, आणि आतून ‘आले’ असं उत्तर येईल. त्यांना एवढंच हवं होतं.

विश्वजीतनं प्रियदर्शनीला फोन करून विचारलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आईंचं नाव आहे. मी काय म्हणणार?” विश्वजीतनं घरी येऊन सांगितलं की ती हो म्हणाली.

लग्नाला पंधरा दिवस उरले असताना चिपळूणमार्गे कोयनानगरचा घाट चढून एक पाहुणा आला. शंभूराज त्याचं नाव. विजयमालाबाईंचा जुना विद्यार्थी, आता रत्नागिरीला प्राध्यापक. येताना सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, घेऊन आला होता.

“बरं झालं, अजून देवक बसलं न्हाई,” रंगूबाई पुडा हातात घेत म्हणाल्या. “न्हाईतर ह्यो वास घिऊन तुला गोठ्यात बसवलं असतं.”

“गोठ्यातही बसलो असतो, आत्या. मॅडमनी आम्हाला गुडघाभर चिखलात बसवलंय.”

सगळे हसले. चहा झाला. मग शंभूराजनं कामाचं सांगितलं. मॅडमच्या आठवणीसाठी रत्नागिरीत एक सभा ठरली होती. तिथं तो त्यांच्या संशोधनावर बोलणार होता.

“काका, एक अडचण आहे,” तो म्हणाला. “मॅडमचा पहिला लेख मला सापडतो तो सांगलीला नोकरी लागल्यानंतरचा. त्याआधी काहीच नाही. त्या उशिरा संशोधनाकडं वळल्या का?”

“उशिरा?” नाथाजी म्हणाले. “अरं, लग्न ठरायच्या आधीपासनं ती रत्नागिरीला हुती. मी बघायला गेलो तवा खाडीतनंच उठून आल्ती. पायाला चिखल तसाच. आमच्या आईनं तोंड फिरवलं हुतं.”

“मग तेव्हाचं काही छापलं कसं नाही?”

“छापलंय की,” विश्वजीत म्हणाला. “आई सांगायची, परदेशातल्या मासिकात आलं होतं म्हणून. पण तेव्हा तिचं नाव वेगळं होतं ना.”

“काय होतं?”

“राजेश्वरी. राजेश्वरी बाबर.”

शंभूराजनं कप खाली ठेवला. रंगूबाईंना वाटलं, चहा गार झाला. त्या म्हणाल्या, “दुसरा टाकू का?”

“नको, आत्या.” मग तो नाथाजींकडं वळला. “काका, खाडीतली वाळू उपसली की तिसऱ्यांची पिल्लं तळाला टिकत नाहीत, हे ज्यांनी पहिल्यांदा दाखवलं ते बाबर. मी दरवर्षी मुलांना शिकवतो. लेखांवर नुसतं ‘आर. बाबर’ छापलेलं, म्हणून आम्हाला वाटायचं, कुणी गृहस्थ असतील. चार चांगले लेख लिहिले आणि मग त्यांचं नावच दिसेनासं झालं. बहुतेक वारले असावेत, असं मीच वर्गात सांगितलंय.”

नाथाजींनी मान खाली घातली.

“मला हे मॅडमनीच शिकवलं,” तो पुढं म्हणाला. “त्या फळ्यावर लिहायच्या, ‘बाबर यांनी असे दाखवले आहे.’ एकदा बाहेरून परीक्षक आले होते. त्यांना मॅडमचं म्हणणं पटलं नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, ‘बाई, तुम्ही बाबर यांचं काम नीट वाचलेलं दिसत नाही.’ मॅडम हसल्या. म्हणाल्या, ‘पुन्हा वाचते, सर.’ आम्हीही हसलो. मला वाटलं, मॅडमची चूक सापडली.”

“मग तिनं सांगायचं न्हाई का, की मीच ती?” रंगूबाई म्हणाल्या. “तोंड हुतं की तिला. माझ्याशी भांडायला कवा कमी पडली न्हाई.”

“सांगून कुणी मानलं असतं का, आत्या? पुरावा काय दाखवणार? त्या काळी लग्नाची नोंद कोण करत होतं?”

“पुरावा कशाला? गावाला म्हाईत हाय.”

“सातबारा आहे ना तुमचा?” शंभूराजनं विचारलं.

“हाय की. नाथाच्या नावावर.”

“उद्या काकांचं नाव आपण दुसरंच ठेवलं आणि तलाठ्याकडं नोंद केली नाही, तर? गावाला माहीत आहे की शेत यांचंच. पण ऊस कारखान्याला कुणाच्या नावावर जाईल? बिल कोण उचलेल?”

“असं कसं? नोंद नगं व्हय करायला?”

“आमच्या धंद्यात छापलेला लेख म्हणजे शेत, आत्या. त्याच्यावर जे नाव आहे, त्याचंच ते. नाव बदललं की आधीचं सगळं दुसऱ्याच्या नावावर राहतं. नोकरी देणारा, बढती देणारा फक्त छापलेलं नाव बघतो. मॅडमचं सगळ्यात मोठं काम त्यांच्या डोळ्यांसमोर दुसऱ्या कुणाचं तरी झालं.”

रंगूबाई पदराशी चाळा करत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, “आमच्या आईचं नाव राजूबाई. घरात दोघी राजू कशा चालतील? सासूच्या नावानं सुनंला हाक मारायची, ‘राजू, भांडी घास’? लोक हसलं असतं. म्हणून मीच विजयमाला सुचवलं. वंगाळ मनानं न्हाई केलं रं.”

“वाईट मनानं कुणीच करत नाही, आत्या. तीच तर अडचण आहे.”

नाथाजी इतका वेळ खाली बघत होते.

“रत्नागिरीला संशोधनाची जागा निघाली हुती,” ते म्हणाले. “तिनं अर्ज केला. मुलाखतीवरनं आली आन म्हणाली, माझं जुनं लेख धरलं न्हाईत. मी म्हणालो, जाऊ दे, सांगलीच बरी हाय, पोराची शाळा हाय. का धरलं न्हाईत, हे मी इचारलं न्हाई. मला वाटलं, जुनं झालं असंल.”

“आबा, तुम्हाला कुठं माहीत होतं,” विश्वजीत म्हणाला.

“म्हाईत नव्हतं, खरं हाय. पर इचारायला काय झालं हुतं?”

शंभूराज जेवून निघाला. राजेश्वरी बाबर आणि विजयमाला निकम या एकच होत्या, हे नाथाजींच्या साक्षीनं सभेत सगळ्यांना पटवून देऊ, असं तो म्हणाला. मासिकांनाही कळवू. नाथाजींनी त्याचे हात धरले. पण गाडी वळणाआड गेल्यावर ते अंगणातच उभे राहिले. जिला हे ऐकायचं होतं ती ऐकायला नव्हती.

संध्याकाळी त्यांनी स्वतः प्रियदर्शनीला फोन लावला. ती कुणाच्या तरी गोठ्यात होती. मागून म्हैस ओरडत होती.

“पोरी, नावाचं इचारायचं हुतं. खरं सांग. तुला बदलायचं हाय का?”

ती अडखळली. “तुम्ही सगळ्यांनी ठरवलंय, आबा.”

“आमी ठरवलंय ते जाऊ दे. मी तुला इचारतोय.”

“नाही बदलायचं,” ती म्हणाली. मग तिला थोडा धीर आला. “म्हणजे, म्हशीला काही फरक पडत नाही, कुठल्याही नावानं सुई टोचली तरी ती लाथच मारते. पण माणसं मला प्रियदर्शनी म्हणून बोलावतात. मी शिकले, डॉक्टर झाले ते याच नावानं. आईंचं नाव म्हणून मी गप्प बसले. नाही म्हटलं तर त्यांचा अपमान होईल असं वाटलं.”

“अपमान तुझ्याकडनं न्हाई झाला,” नाथाजी म्हणाले. “तू प्रियदर्शनीच ऱ्हा, आडनावासकट. आन हितनं पुढं असं गप बसू नगंस. आमी गप बसण्याला हो समजतो.”

फोन ठेवल्यावर त्यांनी रंगूबाईंना सांगितलं. वाद होईल असं त्यांना वाटलं होतं. रंगूबाई सोडे निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “बरं केलंस.” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, “पर तुला ती हाक ऐकायची हुती, नाथा.”

“हुती,” नाथाजी म्हणाले. “आक्का, आख्ख्या संसारात मी तिला तिच्या नावानं एकदाबी हाक मारली न्हाई. जे नाव आठवून मी रडतोय, ते तिचं नव्हतंच. ते आपलं हुतं.”

लग्न झालं. त्या दिवशी ताटात तांदूळ पसरलेच नाहीत. काही पाहुण्यांनी कुजबुज केली, एकानं तर विचारलंही, “सुनंला नाव ठिवलं न्हाई व्हय?” रंगूबाई म्हणाल्या, “हाय तिला नाव. तिच्या बापानं चांगलं बघून ठिवलंय.”

पुढच्या महिन्यात नाथाजी रत्नागिरीच्या सभेला गेले. शंभूराजनं सगळं काम मांडलं, आधीचं आणि नंतरचं, एकाच बाईचं म्हणून. मागच्या रांगेतले एक वृद्ध प्राध्यापक उठून उभे राहिले. आपण बाबर यांना कित्येक वर्षं शोधत होतो, असं ते म्हणाले. त्या जिवंत असताना कळलं असतं तर एकत्र काम करता आलं असतं, असंही म्हणाले. नाथाजींना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उभे राहिले, “माझी बायको राजेश्वरी,” एवढंच म्हणाले. ते खाली बसले.

बंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या घरात येणारी मुलगी कोरी पाटी घेऊन येत नाही. ती आधी काही शिकलेली असते, तिनं काही केलेलं असतं, आणि ते तिच्या नावावर असतं. ते नाव प्रेमानं पुसलं तरी पुसलंच जातं. तेव्हा नवं नाव शोधण्याआधी तिला विचारा. ती गप्प राहिली तर पुन्हा विचारा. आणि ज्यांची नावं आपण आधीच बदलून बसलो आहोत, त्या अजून आपल्यात असतील, तर आजच त्यांच्याजवळ बसा आणि त्या कोण होत्या ते त्यांच्याच तोंडून ऐकून घ्या. नाथाजींना ते जमलं नाही. आपल्याला अजून वेळ आहे.