फाउस्तोनं विहिरीत काय टाकलं?

ऐक ना, आधी नीट ऐक, मग बोल.

ॲरिझोनातलं आपलं तांब्याच्या खाणीचं गाव. थिएटरात मूकपट लागायचे, डावीकडे गोरे बसायचे, उजवीकडे आपण मेक्सिकन. पडद्यावरच्या इंग्रजी पाट्या आपल्यातलं कोण वाचणार? म्हणून पियानोशेजारी इलारिया उभी. एकोणीस वर्षांची पोर, पण आवाज असा की मागच्या भिंतीवर जाऊन आदळेल! पाटी आली की ती स्पॅनिशमध्ये सांगायची. हे काम गेलं तर आईबरोबर खाणवाल्यांचे कपडे धुवायचे, दुसरं काही नव्हतंच.

तर त्या दिवशी लागला एका गाजलेल्या कादंबरीवरचा काउबॉयपट! इलारियानं ती इतकी वाचलेली की कव्हर गळून पडलेलं. धुणं धुता धुता सगळ्या बायकांना सांगितलेली. त्यात आपल्यातलाच एक, फाउस्तो आहे ना, तो दुष्काळात विहीर शोधून अख्ख्या मुलखाची गुरं जगवतो. त्याला बघायला गाव लोटलं. क्रेसेन्सियोमामा तर लग्नातली हॅट मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत!

आणि फाउस्तो आला. डोळे गरागरा, दातात सुरी! वर पाटी: 'लबाड फाउस्तो विहिरीत विष कालवतो.'

इलारियानं पाटी पुन्हा वाचली.

"अगं बोल की!" मामा ओरडले. "काय टाकतोय तो?"

"औषध!" ती बोलून गेली. "पाणी नासलंय ना."

आणि गंमत बघ, चित्राला ते बसलं की! मग तिलाच चेव आला, कुठवर जमतंय बघू. गुरं धडाधड आडवी झाली, तर म्हणाली, "पोटभर पिऊन सुस्तावली." फाउस्तो घोड्यावरून पळाला, तर "डॉक्टरला आणायला." इकडे टाळ्या, शिट्ट्या! तिकडे गोरे माना वळवून बघतायत, या बदमाशाला कसल्या टाळ्या?

थिएटरचा मालक पेनरोज धावत आला. "तुझी माणसं का नाचतायत गं?"

"त्याची मिशी आवडली असेल, साहेब."

पण नायकानं फाउस्तोला दोरानं बांधलं आणि नेमकं तिथंच रीळ संपलं. दिवे लागले.

"का बांधलं त्याला?" मामा उभेच राहिले. "सुटतो ना गं पोरी?"

तिला काय माहीत! तीही हा पट पहिल्यांदाच बघत होती. तेवढ्यात पेनरोज परत आला. तिकीटवाल्याला स्पॅनिश यायची, त्यानं चुगली केलेली.

"पुढची पाटी जशीच्या तशी. नाहीतर उद्या येऊ नकोस."

अंधार. झाड, दोर, पाटी: 'विष घालणाऱ्याला न्याय मिळाला.'

इलारियानं शब्दन् शब्द सांगितला. मग म्हणाली, "हे पडद्यावर लिहिलंय. पुस्तकात असं नाही. तो विष घालत नाही, मरतही नाही."

"मग यांनी का मारला?"

"तेच मलाही कळत नाही, मामा."

मामांनी हॅट डोक्यावर चढवली. "चल बाहेर. पुस्तकातलं सांग."

"दाराबाहेर पाय टाकलास की संपलं," पेनरोज म्हणाला.

पडद्यावर अजून अर्धं रीळ बाकी होतं. तरी ती गेली. पायऱ्यांवर बसून तिनं खऱ्या फाउस्तोची गोष्ट सांगितली, उजवीकडचे निम्मेअधिक लोक ऐकायला बाहेर आलेले. सकाळी आईनं तिच्या हातात साबण दिला.

मी असतो ना, तर दोर बघून म्हणालो असतो, झोपाळा बांधतायत! नोकरी तशीही गेलीच, निदान फाउस्तो तरी राहिला असता. इलारिया म्हणते, "आणि उद्या कुणी मामांना खरं सांगितलं असतं तर?"

तू सांग, तू काय केलं असतंस?