तिसरं घर

दर प्रशिक्षणाहून रेवतीबाई एखादं नवं खूळ घेऊन येतात, असं जानेफळजवळच्या त्या छोट्या शाळेत सगळेच म्हणत. यंदाचं खूळ होतं गोष्टीची रचना. पहिली ते तिसरी एकाच खोलीत, पोरं एकोणीस. त्यांना रचना म्हणजे काय डोंबल कळणार? म्हणून बाईंनी पटांगणात चुन्याच्या फक्कीने ठिकरीच्या डावाची पाच घरं आखली आणि त्यांत नावं घातली : सुरुवात, माणसं, अडचण, खटपट, शेवट. लंगडी घालत एकेका घरात यायचं आणि गोष्टीचा तेवढाच भाग सांगायचा. अडचणीशिवाय गोष्ट नाही, हे त्यांनी इतक्यांदा बजावलं, की पहिलीची पोरं ते पाढ्यासारखं घोकू लागली.

डाव रंगला. कुणाची म्हैस हरवली, कुणाच्या राजाला मिशाच फुटेनात. मग तिसरीतली सुचिता उठली. तिने नेम धरून खापराचा तुकडा तिसऱ्या घरात टाकला. ठिकरी पडते त्या घरात पाय ठेवायचा नसतो, हे शेंबडं पोरही जाणतं. बाईंना मात्र आखताना ते सुचलं नव्हतं. एक आई होती, तिला दोन लेकरं होती, एवढं सांगून सुचिता अडचणीवरून उडी मारून गेली आणि शेवटच्या घरात म्हणाली, की आई मामाच्या गावाहून परत आली.

चूक दिसली की बाईंना राहवत नसे. अडचण कुठे गेली, मागे फीर, तिसऱ्या घरात उभी राहा, त्या म्हणाल्या. सुचिता हलली नाही. बाईंनी आवाज चढवून पुन्हा सांगितलं. पोरीने आधी पहिलीच्या रांगेत बसलेल्या प्रज्वलकडे, आपल्या भावाकडे पाहिलं, मग बाईंकडे. तेव्हा कुठे बाईंच्या ध्यानात आलं.

चार महिन्यांपूर्वी या दोघांची आई काविळीने गेली होती. तेरावं होईपर्यंत प्रज्वलला डोणगावला आत्याकडे ठेवलं होतं. त्याला परत आणल्यावर भागवत, त्यांचा बाप, शाळेत येऊन दाराशीच उभा राहिला होता. टोपीखाली मुंडण केलेलं डोकं, हातात पोराचं दप्तर.

"मॅडम, मोठीले समदं माहीत हाय," तो म्हणाला होता. "लहान्याले समजू देऊ नका. आई साखरखेर्ड्याले मामाकडं हाय म्हून सांगतलं त्याले."

बाईंनी शब्द दिला होता. आणि आज, एका धड्याच्या पायी, त्याच पोरासमोर सुचिताकडून ते वदवून घ्यायला त्या निघाल्या होत्या. त्यांना स्वतःची लाज वाटली. तुझी गोष्ट पुरी झाली, बस खाली, एवढंच त्या कसंबसं म्हणाल्या.

तोच प्रज्वल उठला. त्याने तोच खापराचा तुकडा टाकला, तो भलतीकडेच गेला. मग त्याने सरळ चालत जाऊन ठिकरी तिसऱ्या घरात नेऊन ठेवली. पोरांनी चिडी, चिडी म्हणून गलका केला, पण तो दोन्ही पायांनी अडचणीवरून पलीकडे गेला. आई मामाकडं हाय, तिनं थैलीत लाडू भरले, आता येते, अशी त्याची गोष्ट झाली. सुचिताने टाळ्या पिटल्या. चार महिन्यांत बाईंनी तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. झाकलं ते झाकलेलंच राहिलं, म्हणून त्यांचा जीव भांड्यात पडला.

शाळा सुटली. सुचिता दप्तरं आणायला खोलीत गेली. बाईंनी प्रज्वलला जवळ घेतलं, शर्टाची सुटलेली गुंडी लावली आणि सहज विचारलं, की ठिकरी तिथेच का ठेवलीस रे?

त्याने खोलीच्या दाराकडे पाहून घेतलं आणि बाईंच्या कानाशी तोंड नेलं.

"मॅडम, आई मेली. आत्याच्या इंद्रभाननं सांगतलं मले. पण ताईले नका सांगू. तिले ठाऊकच नाई. रोज म्हन्ते, आई येईन."

बाईंना रडू फुटत होतं, ते त्यांनी पदरात दाबलं.

सुचिता दोन दप्तरं खांद्याला अडकवून आली. तिने भावाचा हात धरला.

"चाल लवकर. आज आईचा फोन येईन."

"हाव," प्रज्वल म्हणाला.

दोघं फाटकाकडे निघाली. हाक मारायला बाईंनी तोंड उघडलं, पण दोघांपैकी कुणाला मारावी ते त्यांना कळेना.