मतदानाआधी छापलेले शर्ट

ओडेसा बॅसेटने मतदान व्हायच्या आधीच शर्ट छापून घेतले होते.

शर्ट जांभळे होते. पाठीवर ठसठशीत पिवळ्या अक्षरांत 'बॅसेट कुटुंब', छातीवर एक डेरेदार झाड, आणि झाडाखाली 'पेनीवेल पार्क'. मेकन शहरातलं कुठलंही घरंदाज कृष्णवर्णीय कुटुंब एकसारखे शर्ट घातल्याशिवाय उन्हाळी सहलीला निघत नाही, तेव्हा शर्ट छापले यात तिचं काही चुकलं नव्हतं. पण कुठल्या अम्युझमेंट पार्कला जायचं हे ठरायचं होतं रविवारी, चिठ्ठ्या टाकून. दुकानदार म्हणाला, महिना संपायच्या आत ऑर्डर दिलीत तर टोप्या फुकट. फुकट हा शब्द कानावर पडला की ओडेसाचं डोकं काम करेनासं व्हायचं. आता खोकं गाडीच्या डिकीत होतं आणि त्यावर तिने जुनी चादर पांघरली होती.

सहलीचा कारभार तिच्याकडे पहिल्यांदाच आला होता. इतकी वर्षं तो तिच्या थोरल्या बहिणीकडे, अर्लीनकडे असायचा. कुणी कुठल्या गाडीत बसायचं, कोंबडी कुणी तळायची, कोण कुणाशी बोलत नाही म्हणून कुणाला शेजारी बसवायचं नाही, सगळं तिच्या डोक्यात. पण ऑर्लँडोच्या सहलीत अर्लीनचा गुडघा दुखायला लागला. पोरं तिथल्या पार्कमधल्या परीकथेच्या राजवाड्यासमोर फोटो काढत होती, तरणी मंडळी रांगांमध्ये शिजत होती, आणि अर्लीन तापलेल्या बाकावर सगळ्यांच्या पिशव्या, बाटल्या आणि कुणाचा तरी एक ओला मोजा सांभाळत दिवसभर बसून होती. घरी आल्यावर तिने जाहीर केलं, "यापुढे मला धरू नका." पुढच्या वर्षी खरंच आली नाही. ती सहल अगदी अळणी झाली. कुणी कुणाला ओरडलं नाही, आणि फोटोत मधोमध कोण बसणार हेच कुणाला ठरवता येईना.

तेव्हा या वर्षी काहीही करून अर्लीनला न्यायचंच, असा ओडेसाने चंग बांधला होता, आणि त्यासाठी पेनीवेलसारखी जागा नव्हती. ओडेसाची सगळी नोकरी शाळेची बस चालवण्यात गेली. दर मे महिन्यात ती पोरांना पेनीवेलला घेऊन जायची, त्यामुळे तिथला कोपरा न् कोपरा तिला पाठ होता. ओकची मोठाली झाडं, त्यांच्या सावलीत बाकं, बसल्या जागी अख्खं पार्क दाखवणारी छोटी आगगाडी. दुखरा गुडघा असलेल्या बाईला आणखी काय हवं?

आता फक्त बाकीच्यांना वळवायचं होतं. अर्लीनला तिने काही सांगितलं नाही. तिला चकित करायचं होतं.

पहिल्यांदा गाठलं मुलाला. क्लेवॉन चाळिशी उलटून गेला तरी त्याचा जीव उंच रोलर कोस्टरमध्ये अडकलेला. त्याला कॅरोलायनाच्या डोंगरातलं ब्लॅक रिज हवं होतं.

"मॉमा, पेनीवेल म्हणजे म्हाताऱ्यांचं पार्क. तिथे बदकंसुद्धा डुलक्या घेतात."

"तिथे लाकडी कोस्टर आहे. जुना. खडखडतो असा की दातातली चांदीसुद्धा हलते."

"लाकडी?" क्लेवॉनने कान टवकारले. "किती जुना?"

"माझ्याहून जुना. आणि मी अजून चालते, तो कधी बंद पडेल सांगता येत नाही."

क्लेवॉनला एवढं पुरलं.

नात टमिया सोळा वर्षांची. तिला कुठेच यायचं नव्हतं. घरच्यांबरोबर जांभळ्या शर्टात कुणी पाहिलं तर शाळा बदलावी लागेल असं तिचं म्हणणं होतं. ओडेसाने खडा टाकून पाहिला, की पेनीवेलला मेकनच्या शाळेतलं काळं कुत्रंही भेटणार नाही. टमियाने फोनमधून मान वर केली आणि म्हणाली, "ग्रॅनी, हे तू आधी का नाही बोललीस?"

टमियाची आई रेनीटा हिशेबी. तिला फक्त महागड्या ऑर्लँडोला जायचं नव्हतं, मग नरकात नेलं तरी चालणार होतं. आणि ओडेसाचा नवरा होसिया हा माणूस जिथे उकडलेल्या शेंगा मिळतात तिथे सुखी.

"मिळतात ना?" त्याने विचारलं.

"कागदाच्या पिशवीत, गरमागरम."

"मग पार्क कुठलं का असेना," होसिया म्हणाला आणि पुन्हा डोळे मिटले.

रविवारी चर्चहून सगळे अर्लीनच्या घरी जेवायला आले. तळलेली कोंबडी, कोलार्डच्या पानांची भाजी, मॅकरोनी, सगळं फस्त झाल्यावर अर्लीनची रविवारची हॅट टेबलावर उलटी ठेवली गेली. चिठ्ठ्या त्याच हॅटमध्ये टाकायची रीत होती. अर्लीन मात्र उठून स्वयंपाकघरात ओव्हनमधला गोड पीच कॉबलर बघायला गेली.

"मी येणार नाही, तर माझी चिठ्ठी कशाला? तुमचं चालू द्या."

"बघूच," ओडेसा पुटपुटली.

रेनीटाची धाकटी, झुरी, पाच वर्षांची. ज्याला पार्कचं नाव लिहिता येतं त्याला मत, असा नियम. झुरीने घोडा काढला होता.

"हे बाद," क्लेवॉन म्हणाला.

"का बाद? गोल फिरणारे घोडे पेनीवेललाच आहेत," ओडेसा म्हणाली. "मत स्पष्ट आहे."

"मॉमा, तो घोडा आहे की गाय हेच स्पष्ट नाही."

"घोडाच आहे!" झुरी किंचाळली, आणि मत धरलं गेलं. पेनीवेल जिंकलं, चांगलं दणकून. ओडेसा जवळजवळ पळतच गाडीकडे गेली आणि खोकं घेऊन आली. मतदान आत्ता झालं आणि शर्ट आधीच कसे छापले, हा प्रश्न रेनीटाच्या तोंडावर आला होता, पण टोप्या बघून सगळे खोक्यावर तुटून पडले. झुरीने शर्ट घातला तो तिच्या घोट्यापर्यंत आला. होसियाने टोपी घालून आरशात स्वतःला दोन्ही बाजूंनी पाहून घेतलं.

गलका ऐकून अर्लीन हात पुसत बाहेर आली.

"हा तुझा," ओडेसाने शर्ट तिच्यापुढे धरला. "आणि 'मला धरू नका' वगैरे काही ऐकायची नाही मी. वाच."

अर्लीनने वाचलं. मग शर्ट टेबलावर पसरला, बाह्या आत घेतल्या, नीट चौकोनी घडी केली आणि खोक्यात परत ठेवली.

"रंग छान आहे," ती म्हणाली. "तुम्ही जाऊन या."

आणि ती परत आत गेली. ओडेसाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात शिरली आणि दार लावून घेतलं.

"झाडं आहेत! बाकं आहेत! बसून फिरायला आगगाडी आहे! तुझ्या गुडघ्यासाठी मी सगळ्या घराच्या मिनतवाऱ्या केल्या, आणि तू म्हणतेस जाऊन या?"

"माझ्या गुडघ्याला विचारलंस. मला विचारलं नाहीस."

"मग आता विचारते. काय वाईट आहे पेनीवेलमध्ये?"

अर्लीनने ओव्हनचं दार उघडलं, कॉबलरकडे पाहिलं आणि दार पुन्हा लावलं. झालेलाच होता तो.

"बिग मामाकडे, आपल्या आजीकडे, जायचो आपण दर रविवारी, ती वाट आठवते तुला?"

"थोडी थोडी. हिरवी गाडी आठवते."

"त्या वाटेवर लागायचं पेनीवेल. झाडांच्या वर त्यांच्या आकाशपाळण्याचं मोठं चाक दिसायचं. मी दर खेपेला विचारायचे, डॅडी, आज जाऊया का? आणि डॅडी म्हणायचे, आज बंद आहे, बाळा."

ओडेसा तिच्या जवळ सरकली.

"चाक फिरत असायचं, डेसा. आतली पोरं ओरडलेली ऐकू यायची. आणि डॅडी समोर बघून गाडी चालवत म्हणायचे, आज बंद आहे."

डॅडी. ज्या माणसाने दुकानदाराने चुकून जास्त दिलेली मोड परत करायला उन्हातून मैलभर पायपीट केली होती, ज्याच्या घरात खोटं बोलणाऱ्याला जेवायला मिळत नसे, ते डॅडी. त्या काळात काय चालायचं हे ओडेसाला ठाऊक नव्हतं असं नाही, ते कुणाला ठाऊक नव्हतं? पण पेनीवेल म्हटलं की तिला नेहमी मे महिना आणि बसमधली गाणारी पोरंच आठवायची. हे दोन्ही तिने कधी एकत्र ठेवून पाहिलंच नव्हतं.

"खरं वाटायचं तुला?"

"वाचता येईपर्यंत. फाटकावर पाटी होती, फक्त गोऱ्यांसाठी. अक्षरं शिकले आणि एका रविवारी ती वाचली."

"मग विचारायचं थांबवलंस."

"छे! विचारतच राहिले. चांगली मोठी झाले तरी विचारत होते. थांबले असते तर डॅडींना कळलं असतं, की मला कळलंय. त्या वाटेवर त्यांच्याकडे दुसरं काय होतं आपल्याला द्यायला? तेवढं एक खोटं होतं. ते मी काढून घेऊ?"

बाहेर क्लेवॉन कुणाला तरी टोपीवरून चिडवत होता. ओडेसाने खुर्ची ओढली आणि बसली. तिला रडू येत होतं आणि राग तर अजून उतरायचाच होता.

"पण मीही असणारच ना गाडीत. मला का नाही आठवत?"

"तू माझ्या मांडीवर असायचीस. चर्चजवळचा पूल गेला की मी तुला थोपटायला लागायचे. झोपली नाहीस तर लपाछपी म्हणून डोळ्यांवर हात ठेवायचे. एक विचारणारी पुरे होती. दोघींना डॅडींनी काय सांगितलं असतं?"

"आणि मी दर मे महिन्यात तिथली कॉटन कँडी तुला आणून देत होते!"

"शेजारच्या पोरांना फार आवडायची ती," अर्लीन म्हणाली, आणि तिला खरंच हसू आलं.

"सांगायचं होतंस, अर्लीन! एकदा तरी!"

"काय सांगू? तू हसत यायचीस तिथून. तू हसत यावंस म्हणून तर थोपटत होते. आता तू त्याच पार्कचं नाव माझ्या छातीवर छापून आणलंस, तर दोष कुणाला देऊ? माझीच करणी आहे ती."

ओडेसाने जे काही हाताशी आलं त्याने, म्हणजे ओव्हनच्या जाड हातमोज्याने, डोळे पुसले. बहिणीला मिठी मारायची तिची फार इच्छा होती, पण अर्लीनला मिठ्या आवडत नसत, म्हणून तिने तिचा दंड नुसता घट्ट धरला आणि सोडला. मग ती बाहेर गेली.

"शर्ट काढा," ती म्हणाली. "पेनीवेल रद्द."

एकच कल्लोळ झाला. रेनीटा म्हणाली मतदानाला काही अर्थ आहे की नाही. होसिया शेंगांबद्दल काहीतरी बोलला. टमियाने तर फोनच खाली ठेवला. झुरी तो घोट्यापर्यंतचा शर्ट सावरत, अडखळत ओडेसापाशी आली.

"ग्रॅनी, घोड्यांच्या पार्कला का नाही जायचं?"

ओडेसाने त्या वर केलेल्या तोंडाकडे पाहिलं. एवढीशी पोर. हिला काय सांगायचं आणि कसं सांगायचं?

"ते ना," ती म्हणाली, "ते बंद आहे, बाळा."

शब्द तोंडातून निघून गेले होते. आवाज तिचा नव्हताच, डॅडींचा होता.

"बंद?" क्लेवॉन म्हणाला. "मी आत्ताच फोनवर बघितलं, मॉमा, ते तर—"

"उघडं आहे."

अर्लीन दारात उभी होती, हातात वाफाळता कॉबलर. तिने तो टेबलावर ठेवला, हॅट बाजूला सरकवली आणि लंगडत येऊन खुर्चीत बसली.

"ते उघडं आहे, झुरी. तुझी ग्रॅनी माझ्यासाठी नाही म्हणतेय. ये, इकडे बस. त्या नको, या गुडघ्यावर. आता मला विचार, का."

"अर्लीन, लहान आहे ती," ओडेसा हळूच म्हणाली.

"मीही लहान होते. आणि हिच्याभोवती निदान तुम्ही सगळे आहात. बसा रे सगळे. क्लेवॉन, टोपी काढ. सांगून झालं की पुन्हा चिठ्ठ्या टाकू, आणि या वेळी माझीही धरा. मी येणार आहे, पण पिशव्या कुणाच्याही सांभाळणार नाही."

झुरीने विचारलं, "का?"

अर्लीनने तिला मांडीवर नीट सावरून घेतलं आणि हिरव्या गाडीपासून सांगायला सुरुवात केली. ओडेसा तिच्या शेजारी बसली होती. या वेळी ती जागी होती.