दक्षिणेकडून रिकामा आलेला ट्रक

मित्रांनो, कॅनडात, सस्कॅचवानच्या सपाट माळावर, झाडांच्या रांगेआड जो लाल ट्रक गवतात बुडालेला दिसतो, तो मी. आज जे सांगणार आहे त्यात अभिमानाचे फार थोडे आहे.

ओरेस्ट ह्रिचाकने मला नवा कोरा विकत घेतला. तीस वर्षे मी त्याचा गहू गावच्या कोठाराकडे नेला. तिथून गहू मंडळ सगळ्यांचा गहू एकत्र विकायचे आणि लहान-मोठ्या सर्वांना एकच भाव मिळायचा, फक्त पैसे उशिरा हाती यायचे. मंडळाला टाळून गहू परस्पर विकायला कायद्याने बंदी होती. शेजारच्या आर्नेचा ट्रक बंद पडला की त्याचाही गहू मीच न्यायचो. कोठारावरचा माणूस म्हणायचा, "ओरेस्ट, तुझ्या हौद्यातून एक दाणा सांडत नाही." ते ऐकून मला फार बरे वाटे.

मग सीमेपलीकडे, अमेरिकेत, भाव चढला आणि गावात वाद सुरू झाला. सभागृहात कॉफी आणि पिरोही, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, घेऊन सभा भरली. मी खिडकीखाली उभा होतो.

"एकटा विकायला गेलास तर व्यापारी तुला कच्चा खाईल," ओरेस्ट म्हणाला.

"आणि मंडळ शिजवून खातं," आर्ने म्हणाला. "वर शिजेपर्यंत थांबायला लावतं."

सगळे हसले, ओरेस्टसुद्धा.

त्या उन्हाळ्यात आर्नेने सांगूनसवरून आपला जुना साठा सीमेपार नेऊन विकला. त्याला दंड झाला. त्याच आठवड्यात ओरेस्टने माझ्या गव्हाने भरलेल्या हौद्यावर ताडपत्री बांधली आणि मातीच्या आडरस्त्याने मलाही दक्षिणेला, सीमेपार नेले. कोणालाही न सांगता.

आमच्याकडे समोरून गाडी आली की चालक रामराम म्हणून स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. भांडण असले तरी उचलतो. सकाळी आम्ही परतत असताना समोरून आर्ने आला. माझा रिकामा हौदा, फडफडणारी ताडपत्री, मी आलो ती दिशा, सगळे त्याने पाहिले. त्याने बोट उचलले. ओरेस्टचे हात होते तिथेच राहिले.

पुढच्या सभेत ओरेस्ट उभा राहिला. "शेजाऱ्यांच्या ताटातला घास पळवायचा," तो म्हणाला, "आणि त्याला मोकळा बाजार म्हणायचं."

आता आर्ने बोलेल, म्हणून मी वाट पाहिली.

"झालं तुझं, ओरेस्ट?" आर्ने म्हणाला. "मग पिरोही इकडे सरकव. थंड होताहेत."

या वेळी कोणी हसले नाही.

कापणीच्या दिवसांत आर्नेचे यंत्र मोडले. दरवर्षी असे कोणाचे तरी मोडते आणि शेजारी आपापली यंत्रे घेऊन त्याच्या शेतावर जातात. त्या सभेनंतर आर्नेकडे कोणी गेले नाही. आम्हीही गेलो नाही. त्याचे अर्धे पीक बर्फाखाली गेले. कुंपणापलीकडे ते रोज दिसत होते.

वसंतात ओरेस्टने दुसरा ट्रक आणला आणि मला इथे आणून उभे केले. टायर बसले, हौद्यात उंदरांनी घरे केली. लोकांना वाटले, मी जुना झालो म्हणून. मला वाटते, मी दिसू नये म्हणून.

पुढे मंडळही गेले. आता ज्याला जिथे वाटेल तिथे तो विकतो. कोणाचे खरे होते यावर अजून एकमत नाही.

यंदा ओरेस्ट वारला. दफन झाल्यावर म्हातारा आर्ने काठी टेकत माझ्यापाशी आला. मागोमाग ओरेस्टची मुलगी लेस्या आली.

"काका, बाबा तुमच्याशी का बोलत नसत?"

आर्नेने माझ्या गंजलेल्या पत्र्यावर हात ठेवला. "गहू कसा विकायचा यावरून भांडलो गं," तो म्हणाला. "तुझा बाप बोलायचा छान. मला तसं जमायचं नाही."

एवढेच सांगून तो निघून गेला.

मित्रांनो, यंत्रांना वेळेवर तेल द्या. वादही खुशाल घाला. पण जो तुमची लाज राखतो, त्याचे पीक उभे सोडू नका. मला वाचा असती तर मी त्याच दिवशी सगळे सांगितले असते, असे मी स्वतःला समजावत असतो. पण वाचा तर ओरेस्टलाही होती.